वसईतलं तारण

बोईसरच्या बँकेत अधिकारी असताना सुटीच्या दिवशी मी तारापूरच्या किल्ल्यापर्यंत फिरायला जात असे. १७३९ च्या जानेवारीत हा किल्ला घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईही जिंकली. आपल्या मुलखातली ही गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. वसईची दुसरी गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही.

ती सुरू होते पुण्यात. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी विठोजींचे भाऊ यशवंतराव आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजा माळव्यात भिडल्या. उज्जैनला होळकर जिंकले, इंदूरला शिंदे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ पुन्हा गाठ पडली. पेशवे आणि शिंदे एका बाजूला, होळकर दुसऱ्या. शिंद्यांच्या तोफांवर यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन तुटून पडले. दोन्हीकडची माणसं कापली गेली. मरणारेही मराठी दौलतीचे, मारणारेही तिचेच.

रण होळकरांनी जिंकलं, पण भांडण मिटलं नाही. कारण ज्याच्याकडून न्याय हवा होता तो पेशवाच पळाला. सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असं करत तो इंग्रजांच्या आश्रयाने समुद्रमार्गे वसईला पोचला. परत यावं म्हणून यशवंतरावांनी निरोप धाडले, पण त्याचा विश्वास बसेना. अखेर त्यांनी अमृतरावांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवण्याचा घाट घातला. तोही टिकला नाही.

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. सहा हजारांची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना विचारून! मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्याच्या गादीवर परतला, तो इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या वसईत, त्यांच्या थोरल्या भावाच्या नातवाने राज्य तारण ठेवलं.

तारण म्हणजे काय, ते मी नोकरीत पाहिलं. एका वाडीवरून दोन सख्खे भाऊ भांडत होते. धाकटा कोर्टात जिंकला. पण खर्चासाठी थोरल्याने आपला हिस्सा सावकाराकडे गहाण टाकला होता, आणि धाकट्यावरही कर्ज झालं होतं. शेवटी वाडी सावकाराची झाली. माझ्यासमोर सही करताना थोरला एवढंच म्हणाला, "साहेब, त्याला मिळू नये एवढंच बघत होतो मी."

त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी बोललो नाही. नियमात ते बसत नव्हतं.

वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. तिथे हात जोडताना हल्ली मला १७३९ च्या जोडीला १८०२ ही आठवतं.