मांजराकाठचे नवे दिग्दर्शक

आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाच्या नियमावलीत एकांकिकेस 30 मिनिटांची मर्यादा घातलेली आहे, नटसंख्या 9 च्या वर जाऊ नये अशी अट आहे, आणि वेळेची मोजणी रिकाम्या रंगमंचापासून रिकाम्या रंगमंचापर्यंत व्हावी असाही दंडक आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात शिस्तीपलीकडे काही नसावे, परंतु मराठवाड्यातील दिग्दर्शकांच्या निदान दोन पिढ्यांचे नाट्यशिक्षण ह्याच तीन कलमांनी केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 1994 साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि बिलोली, देगलूर, मुखेड, धर्माबाद ह्या सीमेवरील तालुक्यांतील महाविद्यालयीन मुलांना आपल्याच जिल्ह्याचा महोत्सव लाभला. प्रथम वर्षात गर्दीतला गावकरी व्हावे, द्वितीय वर्षात चार वाक्यांची भूमिका मिळवावी, आणि तृतीय वर्षात जुने दिग्दर्शक पदवी घेऊन निघून गेल्यामुळे तालमीची सूत्रे आपसूक हाती यावीत, असा येथील दिग्दर्शकाच्या जन्माचा सर्वसाधारण क्रम आहे. त्याची नेमणूक कोणी करीत नाही. जागा रिकामी असते आणि तो तेथे उभा राहतो.

बिलोली हे नांदेडपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील तालुक्याचे गाव. तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते आणि पलीकडे तेलंगणाचा निजामाबाद जिल्हा लागतो. 1948 पर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच निजामी अमलाखाली होते. कचेरीचे दफ्तर उर्दूत, बाजारातील व्यवहार तेलुगू-मराठीत, आणि घरातील भाषा ज्याच्या त्याच्या जातगोताप्रमाणे, अशी ती व्यवस्था होती. त्या राजवटीत 'गश्ती निशान 53' ह्या कुप्रसिद्ध फर्मानान्वये सार्वजनिक सभेस सरकारी इजाजत लागे, आणि जेथे चार माणसे एकत्र जमण्यालाच हरकत, तेथे पांढरपेशी नाट्यसंस्था रुजाव्यात कशा? पुण्या-मुंबईकडे नाटक कंपन्यांचे वैभव चढून उतरले, ते ह्या मुलखाने बव्हंशी ऐकूनच अनुभवले. मात्र खेळ पाहण्याची भूक येथे कधीच उणी नव्हती. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उभे राहत आले आहेत, माहूरच्या रेणुकेच्या निमित्ताने गोंधळ्यांची परंपरा टिकली आहे, भारुडे आहेत, आंबेडकरी जलशांचा वारसा आहे. आणि नदीपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात चिंदू यक्षगानाची, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या पौराणिक खेळांची, एक संपूर्ण रंगपरंपरा आहे, जिच्यातील चिंदू येल्लम्मा ह्या कलावतीचे नाव तेलुगू मुलखात आदराने घेतले जाते. आमच्या नव्या दिग्दर्शकांपैकी किती जणांनी नदी ओलांडून हे यक्षगान पाहिले आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे उत्साहवर्धक येणार नाही. पुण्याच्या प्रायोगिक नाटकाचे चित्रण मात्र प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असते.

ह्याचे खापर मी केवळ तरुणांच्या माथी फोडणार नाही. स्पर्धा ज्या गोष्टीला गुण देते ती गोष्ट शिकली जाते, आणि तीस मिनिटांचा खेळ डोळ्याला गुण देतो. प्रवेशाची बैठक जमवायला, पात्राची ओळख सावकाश उलगडायला तेथे उसंत नसते. म्हणून पडदा वर जाताच नऊही देह रंगमंचावर, त्यांचेच झाड, त्यांचीच एस. टी., त्यांचेच कोर्ट, त्यांचीच नदी. मग एक किंकाळी, एक ब्लॅकआउट, लाल प्रकाश आणि धूर. 1972 साली जब्बार पटेल यांनी 'घाशीराम कोतवाल'मध्ये नटांच्या रांगेचा जो मानवी पडदा उभा केला, तो त्या नाटकाच्या आशयातून, सत्तेमागे दडणाऱ्या आणि दडवणाऱ्या समाजाच्या दर्शनातून उमललेला होता. त्याचे वंशज मात्र आज जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धांतून आशयाची चौकशी न करता उभे राहतात. तरीही ह्या शैलीची सरसकट हेटाळणी करणे मला अन्यायाचे वाटते. नेपथ्याला पैसा नाही, ते वाहून नेण्यास टेम्पो नाही, अशा ठिकाणी माणसाच्या देहातून वस्तू निर्माण करणे ही अपरिहार्यता आहे; आणि अपरिहार्यतेतून आलेली काटकसर पुष्कळदा खरी दिग्दर्शकीय बुद्धी जागवते. ज्याने नऊ मुलांत एक संपूर्ण आठवडी बाजार भरवला आहे, त्याला पुढे दोन पात्रांचे नाटक बसवताना रिकाम्या जागेचे भय वाटत नाही.

तालीम म्हणजे काय असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या मेहेरबानीने वर्गाची किल्ली मिळते. बाके भिंतीकडे सरकवायची, त्यांतलीच दोन एकावर एक ठेवून 'लेव्हल' करायची, फरशीवर खडूने रंगमंचाची चौकट आखायची, आणि चौकटीबाहेर पाऊल पडले की दिग्दर्शकाने टाळी वाजवायची. मोबाईलवर वेळ लावलेली असते. एकतिसाव्या मिनिटाला शेवटचे वाक्य आले की सगळ्यांची तोंडे उतरतात, आणि मग संहितेवर कात्री चालते. ही कात्री कोठे चालते हे पाहिले की दिग्दर्शकाची समज कळते. कच्चा दिग्दर्शक संवाद कापतो आणि समूहरचना राखतो. ज्याला थोडेफार कळू लागले आहे तो समूहरचना कापतो आणि एखाद्या म्हाताऱ्याचे विडी पेटवून गप्प बसणे राखतो. रात्री नऊच्या सुमारास शेवटच्या बसची भाषा सुरू होते, कारण अर्धी मंडळी आजूबाजूच्या खेड्यांतली असतात. त्यातच हंगाम आडवा येतो. महोत्सवाचे दिवस आणि सोयाबीनच्या काढणीचे दिवस बहुधा एकच, तेव्हा प्रमुख भूमिकेतील नट दोन दिवस शेतावर गेला तर त्याला रागवावे कोणत्या तोंडाने? दिग्दर्शक स्वतःही तिसऱ्या दिवशी तेथेच जाणार असतो.

पूर्वीच्या हौशी मंडळींकडे प्रकाशयोजनेसाठी मिठाच्या पाण्याचा डिमर असे. मातीच्या भांड्यात मीठ कालवलेले पाणी, त्यात विजेच्या मार्गात जोडलेल्या दोन पट्ट्या. एक पट्टी हळूहळू वर उचलली की दिवा मंदावे आणि खाली सोडली की उजळे. चालवणाऱ्याच्या जिवाला धोका होताच, पण पहाट कशी होते हे त्याच्या मनगटाला ठाऊक असे. आता भाड्याचे एलईडी पार दिवे मिळतात, बटन दाबताच सात रंग देतात, आणि सातही रंग वापरण्याचा मोह आवरणे ही नव्या दिग्दर्शकाची पहिली नैतिक परीक्षा ठरते.

उपजीविकेचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. मराठी रंगभूमीवर दुसऱ्या धंद्यावर जगून दिग्दर्शन करण्याची परंपरा जुनीच आहे. जब्बार पटेल दौंडला डॉक्टरी करीत होते हे सर्वांना माहीत आहे. परंतु दवाखाना ही एक स्थिर भूमी असते. बिलोलीकडील दिग्दर्शक बहुधा तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवतो, किंवा फोटो स्टुडिओ चालवतो, लग्नसराईत चित्रीकरण करतो, निवडणुकीच्या वा शासकीय योजनांच्या प्रचारासाठी पथनाट्ये बसवतो आणि त्यांची बिले मंजूर होण्याची वाट पाहतो. शाळांच्या स्नेहसंमेलनातील नृत्ये बसवून मिळालेली बिदागी तो राज्य नाट्य स्पर्धेच्या नेपथ्यात घालतो, आणि हा जमाखर्च घरी दाखवण्याजोगा नसतो. 1954 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत उतरायचे तर संस्था नोंदलेली हवी, लेखकाची संमती हवी, संहितेस रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हवे, आणि नांदेड केंद्रावर मिळेल ती तारीख स्वीकारायला हवी. ह्या कागदपत्रांच्या निमित्ताने अर्ज, पोच, दाखला, ठराव ह्यांची भाषा तो इतकी आत्मसात करतो की कधी कधी पात्रांच्या तोंडची भाषा त्याला त्या मानाने परकी होऊन बसते.

वास्तविक ह्या प्रदेशाला विचारांची उणीव नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा जो बारकाईने वेध घेतला, तसा तो नाट्यव्यवसायाच्या राजधानीतही क्वचितच कोणी घेतला असेल. म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रे'पासून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात दलित नाट्याची वाट पडली. नांदेडच्या दत्ता भगतांनी 'आवर्त' आणि 'वाटा-पळवाटा' लिहून ती पुढे नेली, आणि 'वाटा-पळवाटा'तील काका, सतीश व अर्जुन ह्या तिघांचा वाद बसवताना आजही नव्या दिग्दर्शकाला आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे स्वतःला विचारावे लागते. औरंगाबादच्या विद्यापीठात कमलाकर सोनटक्के यांच्यासारख्यांनी नाट्यशिक्षणाची पद्धती घालून दिली, आणि तेथेच अध्यापन करणाऱ्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एका देहातून अख्खे गाव बोलते केले. बीड जिल्ह्यातून निघालेले वामन केंद्रे 1987 मध्ये 'झुलवा' करून पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. औरंगाबादचे चंद्रकांत कुलकर्णी मुंबईस जाऊन 'चारचौघी'चे दिग्दर्शक झाले. ह्या यादीचा अभिमान बाळगावा हे योग्यच, परंतु हिचा मोठा भाग बाहेर जाणाऱ्या रस्त्यांचा आहे, आणि तरुण दिग्दर्शक ती वाचतो ती वेळापत्रकासारखी.

राहणाऱ्यांसाठी मला एकच उदाहरण विशेष मोलाचे वाटते. 2012 साली आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक जालना जिल्ह्यातील जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिले, नंदू माधव यांनी बसवले, आणि त्यातले बरेचसे नट जालन्याकडील, शेतीमातीतले होते. त्या नाटकाचे कौतुक पुष्कळांनी त्यातील विचारासाठी केले. मला त्यातील कान अधिक महत्त्वाचा वाटला. माणसे जशी बोलतात तशी ती रंगमंचावर बोलत होती, बोलीचा विनोदासाठी बाजार न मांडता. ह्याउलट आमच्या सीमाभागात दिग्दर्शक तालमीच्या पहिल्या दिवशी जे काम करतो ते नटाची जीभ 'शुद्ध' करण्याचे. 'काय करायलास', 'जायलालो' ही रूपे, 'हो'च्या जागी येणारा 'हौ', वाक्याच्या शेवटी तेलुगूसारखा उचललेला सूर, घरात एक आणि चावडीवर दुसरी भाषा बोलताना मध्येच अडखळणारा श्वास, हे सारे परीक्षकाला खटकेल म्हणून पुसून टाकले जाते. आणि उरते ती आकाशवाणीच्या निवेदनासारखी मराठी, जी बोलताना नटाचे हात कोठे ठेवावेत हे त्यालाच कळत नाही. मग हात लपवण्यासाठी पुन्हा समूहरचना. दिग्दर्शकाच्या दृश्यलोलुपतेचे मूळ पुष्कळदा असे त्याच्या बधिर केलेल्या कानात असते, हे माझे मत वादग्रस्त ठरेल, पण मी ते सोडण्यास तयार नाही.

विषयांचे म्हणाल तर ते उंबऱ्याशी बसलेले आहेत. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचेच पाहा. गोदावरीचे पाणी अडवण्यावरून दोन राज्यांत तंटा झाला. जुलै 2010 मध्ये तो बंधारा पाहण्यास निघालेले आंध्रचे तेव्हाचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना आमदारांसह धर्माबादेत ताब्यात ठेवण्यात आले. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे राहतात आणि 29 तारखेला, म्हणजे पावसाळ्याचे पाणी बहुतांशी वाहून गेल्यावर, बंद होतात. पुढे 2018 मध्ये ह्याच तालुक्यातील काही गावांनी आम्हांस तेलंगणात घाला अशी मागणी केली. पाणी आहे पण दरवाजा उघडा, दरवाजा बंद पण पाणी नाही: नाटककाराने कल्पनेने रचले असते तर परीक्षकांनी त्यास कृत्रिम म्हटले असते. मांजरेच्या रेतीचे लिलाव आहेत, हैदराबादेस मजुरीला गेलेली कुटुंबे आहेत. मी पाहिलेल्या प्रयोगांत मात्र महानगरी फ्लॅटमधील एकाकी वृद्ध अधिक वेळा भेटले.

स्त्रियांविषयी लिहिल्यावाचून हा आढावा लंगडा राहील. महाविद्यालयाच्या महोत्सवास प्राध्यापिका बरोबर असतात म्हणून मुलींना घरून अनुमती मिळते. रात्रीच्या तालमींची राज्य स्पर्धा आली की ती अनुमती संपते, आणि दिग्दर्शकाला स्त्रीपात्रे कमी असलेली संहिता शोधावी लागते किंवा आहे त्या संहितेतील बहीण 'गावाला गेलेली' दाखवावी लागते. स्त्री-दिग्दर्शकांची नावे ह्या भागात कोणी विचारली तर लोक विचारात पडतात. परंतु बालनाट्य स्पर्धेसाठी चाळीस मुलांना हाताशी धरून वर्षानुवर्षे नाटके बसवणाऱ्या शिक्षिका जिल्हाभर आहेत, आणि त्यांना दिग्दर्शिका म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. मुलांची नैसर्गिक बोली त्या सहसा दुरुस्त करीत नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

स्पर्धेचा प्रयोग झाला की येथील नाटक बहुधा संपते. प्राथमिक फेरीचा एक खेळ, निवड झाली तर अंतिम फेरीचा दुसरा. दोन महिन्यांच्या तालमीचे आयुष्य इतकेच. अलीकडे मात्र काही तरुण मंडळी तीच एकांकिका गणेशोत्सवात, जयंतीच्या मांडवात किंवा जत्रेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा देवळापुढच्या ओट्यावर पुन्हा करू लागली आहेत. तेथे धूर वाऱ्याने उडून जातो, ब्लॅकआउट होत नाही कारण शेजारच्या हॉटेलचा दिवा जळतच असतो, आणि नटांना घड्याळाची भीती नसल्यामुळे खेळ पस्तीस-चाळीस मिनिटे रेंगाळतो. प्रेक्षकांना ऐकू जावे म्हणून वाक्ये सोपी करावी लागतात, सोपी करता करता ती घरच्या बोलीत उतरतात, आणि दिग्दर्शक वहीत त्या जागा टिपून घेतो. पुढच्या वर्षीची संहिता अशा वह्यांवरून लिहिली जावी, असा प्रयत्न त्यांच्यातील दोघे-तिघे करीत आहेत. परिनिरीक्षणासाठी ती कोणत्या लिखित रूपात पाठवावी, ह्यावर सध्या त्यांचा खल चालू आहे.