स्कॉटिश सीमाभाग आणि सात जणांची रग्बी

रग्बी सेव्हन्स हा पंधरा जणांच्या रग्बीतून निघालेला आटोपशीर खेळ. एका संघात सात खेळाडू, सात-सात मिनिटांची दोन सत्रे आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, एवढ्यात सामना संपतो. २०१६ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे आणि फिजीपासून केनियापर्यंत अनेक देशांत तो आवडीने खेळला जातो. त्याचा जन्म मात्र लंडन किंवा सिडनीसारख्या महानगरात झाला नाही. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगतच्या प्रदेशात असलेल्या मेलरोज नावाच्या गावात १८८३ मध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला. ट्वेन्टी-ट्वेन्टी क्रिकेट इंग्लंडमध्ये २००३ साली सुरू झाले. त्याच्या १२० वर्षे आधी या गावाने एक लांबलचक खेळ छोटा करून दाखवला होता.

खेळाचे स्वरूप

सेव्हन्समध्ये खेळाडू निम्म्याहून कमी झाले, पण मैदान तेवढेच राहिले. या खेळाचे सगळे मर्म त्यात आहे. रग्बीचे मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असते. तीस खेळाडू उतरले तर माणशी सुमारे २३३ चौरस मीटर जागा वाट्याला येते. चौदा उतरले तर ५००. मोकळी जागा वाढली की अंगाच्या ताकदीपेक्षा वेग, दमसास आणि अचूक पास यांना महत्त्व येते. पंधरा जणांच्या खेळात एक टॅकल चुकला तरी मागे दुसरा बचावपटू असतो. इथे तो बहुधा नसतो, आणि चेंडू हाती असलेला खेळाडू थेट गोलरेषा गाठतो.

नियम मुळात रग्बीचेच. चेंडू हातातून पुढे टाकता येत नाही. पास बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि पाच गुण मिळतात. त्यानंतर गोलखांबांमधून चेंडू मारून आणखी दोन गुण मिळवता येतात. पंधरा जणांच्या खेळात हा चेंडू जमिनीवर ठेवून मारतात. सेव्हन्समध्ये तो हातातून सोडून, टप्पा घेताक्षणी मारावा लागतो, त्यामुळे वेळ वाचतो. पेनल्टी आणि ड्रॉप गोलचे तीन-तीन गुण. खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्ही संघ खांद्याला खांदा लावून भिडतात त्या स्क्रममध्ये प्रत्येकी आठांऐवजी तीनच खेळाडू असतात. पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू दहाऐवजी दोन मिनिटे बाहेर बसतो. पण चौदा मिनिटांच्या सामन्यात दोन मिनिटे फार मोठी असतात. गुण मिळवणाऱ्या संघानेच चेंडू पुन्हा खेळात आणायचा, हाही सेव्हन्सचा वेगळा नियम. त्यामुळे मागे पडलेल्या संघाला चेंडू मिळवून बरोबरी साधण्याची संधी लगेच मिळते.

सीमाभागाची भूमी

ज्याला स्कॉटिश बॉर्डर्स म्हणतात तो प्रदेश ट्वीड नदी आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत पसरला आहे. मेंढपाळी, लोकर आणि कापडगिरण्या यांवर इथली गावे वाढली. गॅलाशील्स आणि सेलकर्क ट्वीड नावाच्या कापडासाठी, तर हॉइक विणलेल्या लोकरी कपड्यांसाठी प्रसिद्ध झाले. मध्ययुगात इंग्लंड-स्कॉटलंड संघर्षाची सर्वांत जास्त झळ याच भागाला बसली. त्या काळाची आठवण म्हणून आजही दर उन्हाळ्यात अनेक गावांतून घोडेस्वार शिवेची फेरी काढतात. गावाचा अभिमान आणि शेजारच्या गावाशी चुरस ही या मातीतली जुनी गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चुरस रग्बीच्या मैदानावर उतरली. स्कॉटलंडच्या बऱ्याच भागात रग्बी हा महागड्या शाळांचा आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचा खेळ होता. सीमाभागात तो गिरणी कामगार, शेतकरी आणि दुकानदार खेळत. संपूर्ण प्रदेशाची लोकसंख्या आजही सव्वा लाखाच्या आत आहे, पण जवळपास प्रत्येक गावाला स्वतःचा क्लब आहे. १९०१ मध्ये या क्लबांनी सुरू केलेली बॉर्डर लीग ही रग्बी युनियनमधील, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीतील, जगातली सर्वांत जुनी लीग मानली जाते.

२८ एप्रिल १८८३

मेलरोज हे आयल्डन टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले, बाराव्या शतकातील मठाच्या अवशेषांसाठी ओळखले जाणारे गाव. एडिनबरापासून ते सुमारे साठ किलोमीटरवर आहे. सुरुवातीला मेलरोज आणि शेजारच्या गॅलाशील्सचा क्लब एकच होता. १८७७ मध्ये मेलरोजकर वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचा क्लब काढला. पाच-सहा वर्षांतच या क्लबाची तिजोरी रिकामी झाली.

नेड हेग हा त्या क्लबाचा खेळाडू. त्याचा जन्म १८५८ मध्ये जेडबरा येथे झाला. पुढे तो मेलरोजला आला आणि डेव्हिड सँडरसन यांच्या खाटकाच्या दुकानात काम करू लागला. सँडरसन स्वतःही रग्बी खेळत. क्लबासाठी पैसे उभे करायला दिवसभराचा क्रीडामेळा भरवावा आणि त्यात रग्बीची स्पर्धा ठेवावी, असे ठरले. अडचण होती वेळेची. पंधरा-पंधरा जणांचे अनेक सामने एका दुपारी उरकणे शक्य नव्हते. तेव्हा संघ सात जणांवर आणला आणि सामन्याची वेळ पंधरा मिनिटांवर. खेळाच्या सौंदर्याचा किंवा भवितव्याचा विचार या बदलामागे नव्हता. प्रश्न पैशाचा होता आणि त्यावर निघालेले हे व्यवहारी उत्तर होते.

२८ एप्रिल १८८३ रोजी ग्रीनयार्ड्स या मैदानावर हा मेळा भरला. धावण्याच्या शर्यती आणि चेंडू लाथाडण्याच्या स्पर्धाही त्यात होत्या, पण लोकांची गर्दी झाली ती रग्बीसाठी. आजूबाजूच्या गावांतून प्रेक्षक आगगाडीने आले. विजेत्यांसाठी मेलरोजच्या स्त्रियांनी चषक दिला होता. अंतिम सामन्यात गाठ पडली ती मेलरोज आणि गाला (गॅलाशील्सचा क्लब) या जुन्या भाऊबंदांचीच. ठरलेल्या वेळेत निकाल लागला नाही म्हणून जादा वेळ खेळवण्यात आला. त्यात सँडरसन यांनी ट्राय केला आणि मेलरोजचा संघ विजयी झाल्याचे सांगून तडक मैदानाबाहेर पडला. जादा वेळ पुरा व्हायला हवा होता, अशी हरकत गालाने घेतली. चषक मेलरोजकडेच राहिला. पहिल्याच स्पर्धेचा शेवट असा वादात झाला.

दहा गावे, एक किताब

उत्पन्नाचा हा मार्ग शेजाऱ्यांच्या लगेच लक्षात आला. गालाने १८८४ मध्ये आणि हॉइकने १८८५ मध्ये आपापली स्पर्धा सुरू केली. जेडबरा, लँगम, सेलकर्क, केल्सो, अर्लस्टन आणि पीबल्स या गावांनीही पुढे तोच कित्ता गिरवला. ट्वीडच्या मुखाशी वसलेले बेरिक हे गाव इंग्लंडच्या हद्दीत असले तरी तिथला क्लब स्कॉटलंडच्या रग्बीत खेळतो आणि याच मालिकेत मोडतो.

या दहा स्पर्धा मिळून ‘किंग्ज ऑफ द सेव्हन्स’ ही मालिका होते. प्रत्येक स्पर्धेत कुठवर मजल मारली त्यानुसार क्लबला गुण मिळतात आणि मालिकेअखेर सर्वाधिक गुण असलेला क्लब किताबाचा मानकरी ठरतो. बहुतेक स्पर्धा एप्रिल-मेमध्ये, पंधरा जणांच्या रग्बीचा हंगाम सरत आला की होतात. काही ऑगस्टच्या सुमारास, नव्या हंगामाच्या तोंडावर असतात. मेलरोजची स्पर्धा एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी भरते.

स्पर्धेची रचना साधी असते. सामने बाद पद्धतीने होतात आणि एका दिवसात पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत सगळे उरकते. चषक जिंकायचा तर एकाच दुपारी चार किंवा त्याहून जास्त सामने खेळावे लागतात. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत कौशल्याइतकीच दमाचीही परीक्षा होते. अंतिम सामन्याची सत्रे सातऐवजी दहा मिनिटांची ठेवण्याचीही प्रथा होती. संयोजन क्लबाचे सभासदच करतात, आणि दिवसाच्या मिळकतीवर अनेक क्लबांचा वर्षाचा बराच खर्च चालतो. हॉइकचा जिम रेनविक, केल्सोचा जॉन जेफ्री, जेडबराच्या जेड-फॉरेस्ट क्लबचा गॅरी आर्मस्ट्राँग, मेलरोजचा क्रेग चामर्स हे स्कॉटलंडचे नामवंत खेळाडू याच गावांच्या मैदानांवर घडले. देशासाठी खेळून आलेला खेळाडू पुढच्या शनिवारी गावाच्या संघातून शेजारच्या गावाविरुद्ध उतरे, हे या भागात नेहमीचे दृश्य होते.

जगभर प्रसार

सीमाभागाबाहेर सेव्हन्स हळूहळू पसरले. लंडनला स्थायिक झालेले स्कॉटिश डॉक्टर जे. ए. रसेल-कारगिल यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये मिडलसेक्स सेव्हन्स सुरू झाली आणि ट्विकनमच्या मैदानावर ती दीर्घकाळ गाजली. राष्ट्रीय संघांची पहिली स्पर्धा १९७३ मध्ये एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर झाली. निमित्त होते स्कॉटिश रग्बी संघटनेच्या शताब्दीचे. अंतिम सामन्यात इंग्लंडने आयर्लंडला २२-१८ असे हरवले. १९७६ मध्ये हाँगकाँग सेव्हन्स सुरू झाली आणि फिजी, टोंगा यांसारख्या छोट्या देशांना मोठे व्यासपीठ मिळाले.

मेलरोजनेही बाहेरच्या संघांसाठी दार उघडले. १९८३ च्या शताब्दी स्पर्धेत फ्रेंच बार्बेरियन्सनी चषक नेला, तर १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रँडविक क्लबने. १९९३ मध्ये पहिला सेव्हन्स विश्वचषक मरेफील्डवर झाला. त्याच्या करंडकाला ‘मेलरोज कप’ असे नाव देण्यात आले. तो इंग्लंडने जिंकला. १९९८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने नेड हेग आणि मेलरोज क्लब यांचा आपल्या सन्मानदालनात एकत्र समावेश केला. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीगही सात जणांच्या रग्बीचीच होती.

राष्ट्रीय संघाची वाट

खेळाची जन्मभूमी असूनही राष्ट्रीय संघांच्या दरवर्षी होणाऱ्या जागतिक मालिकेत स्कॉटलंडला यश उशिरा मिळाले. २००७ ते २०११ या काळात एडिनबरा आणि २०१२ ते २०१५ मध्ये ग्लासगो येथे मालिकेचा एक टप्पा होत असे, पण यजमानांना तो जिंकता आला नाही. पहिले विजेतेपद मे २०१६ मध्ये लंडनच्या टप्प्यात मिळाले. अंतिम सामन्यात स्कॉटलंडने दक्षिण आफ्रिकेला २७-२६ असे शेवटच्या क्षणी हरवले. पुढच्या वर्षी लंडनच्याच टप्प्यात इंग्लंडवर १२-७ अशी मात करून त्यांनी ते राखले.

ऑलिम्पिकमध्ये स्कॉटलंडचा स्वतंत्र संघ नसतो. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे खेळाडू ग्रेट ब्रिटनच्या नावाने खेळतात. २०१६ मध्ये या संघाला रौप्यपदक मिळाले. अंतिम सामना फिजीने ४३-७ असा जिंकला. मार्क बेनेट आणि मार्क रॉबर्टसन हे दोन स्कॉटिश खेळाडू त्या संघात होते. हॉइकची लिसा थॉमसन २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या महिला संघातून खेळली. २०२२-२३ च्या हंगामापासून जागतिक मालिकेतही तिन्ही देशांऐवजी ग्रेट ब्रिटनचा एकच संघ उतरू लागला. स्वतःच्या नावाने खेळण्यासाठी स्कॉटलंडला मोठी स्पर्धा उरली ती मुख्यतः राष्ट्रकुलची. २०१४ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमवर तिचे सेव्हन्सचे सामने झाले होते. २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धाही ग्लासगोकडेच आली, पण खर्च आवरण्यासाठी ती दहा खेळांपुरती आखली गेली आणि त्या यादीत रग्बी सेव्हन्स नाही.

क्लबांचे बळ

व्यावसायिकतेचा फटका गावांच्या स्पर्धांनाही बसला. १९९५ मध्ये रग्बी युनियनमध्ये खेळाडूंना मानधन देण्यास परवानगी मिळाली. त्यानंतर पहिल्या फळीचे खेळाडू मोठ्या शहरांतल्या व्यावसायिक संघांशी करारबद्ध झाले आणि गावच्या शनिवारी ते क्वचित दिसू लागले. कापडगिरण्या बंद पडत गेल्या आणि तरुण शिक्षण-नोकरीसाठी एडिनबरा, ग्लासगोकडे वळले. एकेकाळी प्रेक्षकांना आणणारी सीमाभागाची रेल्वेही १९६९ मध्ये बंद झाली होती. २०१५ मध्ये ती मेलरोजजवळच्या ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाली. कोविडमुळे २०२० मध्ये मेलरोजची स्पर्धा रद्द झाली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा भरली.

सीमाभागाचा स्वतःचा व्यावसायिक संघही दोनदा उभा राहिला आणि दोनदा मोडला. १९९८ मध्ये तो एडिनबराच्या संघात विलीन झाला. २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण २००७ मध्ये पैशाअभावी बंद करण्यात आला. जागतिक मालिकेतला राष्ट्रीय संघ गेला, स्कॉटलंडमधला तिचा टप्पाही गेला. वरून आखलेल्या आणि मोठ्या निधीवर उभ्या असलेल्या व्यवस्था अशा आल्या-गेल्या. गावच्या क्लबांनी स्वतःच्या गरजेतून उभ्या केलेल्या स्पर्धा मात्र दोन महायुद्धे, व्यावसायिकता आणि महामारी यांतूनही टिकून राहिल्या. स्कॉटलंडमधील सेव्हन्सचा खरा आधार आजही हे क्लब आणि त्यांचे सभासदच आहेत.