पुरुष नसबंदी : विश्वसनीयता आणि कायमपणा

संततिनियमनाच्या प्रचलित उपायांपैकी पुरुष नसबंदी हा अत्यंत खात्रीचा उपाय होय. मात्र ‘कायमचा उपाय’ या रूढ वर्णनात दोन भिन्न कल्पना एकत्र आलेल्या आहेत. शस्त्रक्रियेमुळे गर्भधारणा कितपत टळते, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. आणि एकदा केलेली शस्त्रक्रिया पुढे फिरविता येते काय, हा कायमपणाचा प्रश्न. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याच्या संदर्भात हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रथम शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहू जाता, वृषणांत निर्माण झालेले शुक्राणू दोन शुक्रवाहिन्यांतून पुढे येऊन वीर्यात मिसळतात. नसबंदीमध्ये या वाहिन्या छेदून त्यांची तोंडे बंद केली जातात. चीनमध्ये ली शुनछियांग यांनी 1974 साली विकसित केलेल्या पद्धतीत तर त्वचेला चाकूने छेद देण्याचीही आवश्यकता उरत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी अंतःस्राव मात्र वृषणांतून थेट रक्तात मिसळत असल्यामुळे कामेच्छा व शारीरिक बळ यांना बाध येत नाही. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अत्यल्प असल्याने त्याच्या प्रमाणातही जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

तथापि वाहिनी छेदल्याक्षणी वंध्यत्व येते, ही समजूत चुकीची आहे. छेदाच्या पलीकडे पूर्वीच पोहोचलेले शुक्राणू काही काळ वीर्यात आढळतात. म्हणून सुमारे तीन महिने अन्य साधन वापरणे, त्यानंतर वीर्यतपासणी करणे आणि शुक्राणूंचा अभाव सिद्ध झाल्यावरच शस्त्रक्रिया यशस्वी समजणे, हा नियम आहे. भारतातील शासकीय कार्यपद्धतीतही प्रमाणपत्र या तपासणीनंतरच दिले जाते. पहिल्या वर्षात साधारणपणे दर दहा हजार जोडप्यांमागे पंधरांच्या बाबतीत गर्भधारणा होते, व तिचे एक प्रमुख कारण हा मधला काळ न पाळणे हे असते. तपासणीत यश निश्चित झाल्यानंतरही क्वचित वाहिनीची छेदलेली टोके आपोआप पुन्हा जोडली जातात. अशा उशिराच्या अपयशाचे प्रमाण सुमारे दोन हजारांत एक इतके अल्प आहे.

कर्जत व आसपासच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात व हंगाम संपल्यावरच परततात. स्थलांतराच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली, तर तपासणीचा दिवस उसाच्या फडावर उजाडतो आणि ती सहजच राहून जाते. अशा स्थितीत पत्नीस दिवस गेले, तर कारण शरीरशास्त्रात न शोधता तिच्या चारित्र्याविषयी संशय घेतला जाण्याचा धोका असतो. तीन महिन्यांच्या नियमाचे अज्ञान अशा रीतीने एका निरपराध स्त्रीच्या आयुष्यावर आघात करू शकते. शस्त्रक्रियेची वेळ ठरविताना हंगामाचा विचार करणे, आणि हा नियम पती व पत्नी या दोघांनाही समजावून देणे, म्हणूनच अगत्याचे ठरते.

आता कायमपणाविषयी. छेदलेल्या वाहिन्या सूक्ष्मशस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येतात. परंतु जोडणे म्हणजे अपत्यप्राप्ती नव्हे. अमेरिकेत 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात, नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत जोडणी केलेल्यांपैकी 97 टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परत आले, पण गर्भधारणा 76 टक्के जोडप्यांतच झाली. पंधरा वा अधिक वर्षे लोटल्यावर हीच प्रमाणे अनुक्रमे 71 व 30 टक्क्यांवर आली. यास्तव पुढे जोडून घेता येईल, या भरवशावर नसबंदी करणे अविवेकाचे होय.

आणि निर्णय असा अपरिवर्तनीय असेल, तर तो ज्याचा त्यानेच घेतला पाहिजे. महाराष्ट्र विधिमंडळाने 1976 साली तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. याउलट, कर्जतलगतच्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्यकार्य आरंभिले, ते बालकांचे आरोग्य व कुटुंबनियोजन यांची सांगड घालूनच. जन्मलेली मुले जगतील अशी खात्री वाटल्यावाचून कोणतेही मातापिता कायमचा उपाय निःशंकपणे स्वीकारणार नाहीत, हे उघड आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 37.9 टक्के विवाहित स्त्रिया स्वतःच्या नसबंदीवर विसंबून होत्या, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे 0.3 टक्के होते. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची आहे. तिची विश्वसनीयता वीर्यतपासणीनंतर सुरू होते, आणि तिचा कायमपणा गृहीत धरूनच ती स्वीकारावी लागते. या दोन गोष्टी स्पष्टपणे समजल्या, तरच पुरुषाने दिलेल्या संमतीला खरा अर्थ प्राप्त होईल.