पाणी दाखवायचं, पाजायचं नाही

आमच्या नेरच्या घरात देवघराशेजारच्या फडताळात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. वर्षातून एकदा, पोळ्याच्या सकाळी, ती खाली उतरते. आत तीन लाकडी ठसे असतात. एक कमळाचा, एक वेलाचा आणि एक कुयरीचा. बैल धुऊन-पुसून, शिंगांना बेगड लावून गोठ्यासमोर उभे राहिले, की परातीत गेरू कालवायचा, त्यात कापडाची जाड घडी भिजवायची, ठसा त्या घडीवर टेकवायचा आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर उमटवायचा. एरवी गावात अर्धा कापलेला बटाटा किंवा वाटीची कड यांवर हे काम भागते. आमच्या बैलांच्या अंगावर मात्र कमळ फुले. कुयरीच्या पोटातून तेवढी एक तिरपी कोरी रेघ जाते. ती रेघ नक्षीतली नाही. ती माझी करणी आहे.

खरे म्हणजे हे ठसे बैलांसाठी कोरलेलेच नव्हते. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते एका रंगाऱ्याकडून ज्वारीच्या बदल्यात घेतले होते. कापड रंगवणे आणि छापणे हा भावसार, रंगारी, छिपा या मंडळींचा पिढीजात धंदा. आलाच्या मुळ्यांचा लाल आणि निळीचा निळा या दोन रंगांवर अनेक घरे जगली. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात नावाचे जुने शहर होते. तिथे भारतात ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. त्यांचा एक मोठा संग्रह आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. एवढ्या लांब पोचलेली ही विद्या. पण १८६९ साली मॅडर या वनस्पतीच्या मुळातला लाल रंग प्रयोगशाळेत बनवण्याची रीत निघाली, गिरण्यांचे रुळांवर छापलेले स्वस्त कापड बाजारात आले, आणि गावोगावच्या रंगाऱ्यांचे ठसे एकेक करून माळ्यावर गेले. गुजरातेत गांधीनगरजवळचे पेथापूर अजूनही ठसे कोरण्यासाठी ओळखले जाते. राजस्थानात सांगानेर आणि बगरू, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले बाग इथे अजूनही हातांनी छपाई चालते. आमच्याकडे उरले ते बैलांच्या पुठ्ठ्यावरचे कमळ.

आता त्या रेघेची गोष्ट. दहावीची परीक्षा संपली होती, हाताला काम नव्हते आणि मे महिना होता. ठशांच्या खाचांत वर्षानुवर्षांचा गेरू दगडासारखा बसलेला. पोळ्याला आबाजींना चकचकीत ठसे दाखवावेत, असे माझ्या मनात आले. बादलीत कढत पाणी घेतले, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि सुरुवात म्हणून कुयरीचा ठसा रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी गेरू खरोखरच सुटला. सुईने टोकरून उरलासुरला काढला आणि ठसा वाळायला पत्र्यावर ठेवला. यवतमाळ जिल्ह्यातले ऊन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. दुपारी जेवताना ‘तडक’ असा आवाज आला. वर जाऊन पाहतो तो कुयरी आडवी उकललेली.

आबाजी रागावले नाहीत. त्यांनी मला ठसा हातात देऊन ज्याच्याकडून तो आला होता, त्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे पाठवले. तो त्या वेळी डोळ्यांनी अधू झाला होता. त्याने बोट फिरवून भेग चाचपली आणि म्हणाला, “लाकूड हाये बाप्पा ते, धोतर नाही. त्याले पाणी दाखवाचं, पाजाचं नाही.”

मग काय करायचे, असे मी विचारले. त्याने जे सांगितले ते मी पन्नास वर्षांत विसरलो नाही आणि पुढे वाचनातून त्यामागची कारणेही कळत गेली.

पहिली गोष्ट, रंग ओला आहे तोवर ठसा पुसायचा. काम संपले, की आधी दोन-तीनदा कोऱ्या फडक्यावर दाबून उरलेला रंग काढून टाकायचा. मग मऊ ब्रश (त्याच्याकडे खजुरीच्या काडीचा कुंचा होता, आपल्याला जुना दातांचा ब्रश चालेल) पाण्यात बुडवून, झटकून, नुसत्या ओलाव्याने खाचा झाडायच्या. लगेच कोरड्या कापडाने टिपायचे. लाकूड पाणी पिऊन फुगते. मग एकाएकी उन्हात ठेवले, की वरचा थर भराभर सुकून आकसतो, आतला मात्र ओला आणि फुगलेलाच असतो. या ओढाताणीत लाकूड उकलते. म्हणून वाळवायचे ते सावलीत, वारा लागेल असे, आणि तेही एका कडेवर उभे करून, म्हणजे दोन्ही अंगांनी सारखे सुकते.

दुसरी गोष्ट, खाचेत काही अडकलेच तर बांबूची किंवा कडुनिंबाची काडी वापरायची, सुई नाही. सुईने रंग निघतो आणि नक्षीची धारही निघते. धार गेली, की ठसा कितीही स्वच्छ असला तरी उमटताना बोथटच.

तिसरी गोष्ट तेलाची. नवा ठसा वापरण्याआधी दहा-पंधरा दिवस तेलात मुरवण्याची कारागिरांची रीत आहे. ते पाहून अनेकजण जुन्या ठशालाही तेलाने न्हाऊ घालतात. खाचांत साचलेले तेल चिकट होते, धूळ धरते, आणि कापडावर डाग पाडते ते वेगळेच. वर्षातून एकदा पाठीला आणि कडांना बोट फिरवल्यासारखा तेलाचा हात द्यावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. नक्षीच्या तोंडाला तेल नको. पाठीमागून आरपार पाडलेली बारीक भोके दिसली, तर ती किडीची समजून बुजवू नयेत. हवा आणि जादा रंग निघून जावा म्हणून ती कारागिरानेच ठेवलेली असतात. कीड ओळखायची ती खाली सांडलेल्या पिठासारख्या भुशावरून. तसा ठसा दिसला, की आधी इतरांपासून वेगळा करावा. संग्रहालयांत अशा वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या आसपास आठवडा-दोन आठवडे ठेवतात आणि मग बंदच ठेवून हळूहळू नेहमीच्या तापमानाला येऊ देतात.

आणखी एक. हल्ली बैलांना तैलरंग फासतात. तो काढायला रॉकेल लागते. रॉकेलने ठसा बिघडतो आणि बैलाचे कातडेही सोलवटते. दोघांनाही गेरूच बरा.

पुढे मी बँकेत लागलो आणि हयात दुसऱ्याच ठशांत गेली. रबरी शिक्के! गोल शिक्का, तारखेचा शिक्का, ‘रोख मिळाले’चा शिक्का. पॅडवरचे सुताचे तंतू आणि वाळलेली शाई अक्षरांच्या पोटात भरते आणि ३ कोणता, ८ कोणता ते कळेनासे होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शनिवारी मी उत्साहाने गोल शिक्का पेट्रोलने साफ केला. लख्ख झाला. सोमवारी पाहिले तर अक्षरे फुगून वाकडी झालेली. एका शेतकऱ्याच्या पासबुकावर मी तो तसाच मारला. दुसऱ्या गावी त्याचा व्यवहार अडला आणि तो बिचारा बस बदलून परत आला. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी मला आबाजींचे गप्प राहणे आठवले. शिक्का नोंदवहीत रद्द करून नवा मागवावा लागला.

चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली, त्यामुळे रबरी शिक्का शक्य झाला. पण असे रबरही पेट्रोल, रॉकेल, थिनर पिते आणि फुगते. उन्हाने ते कडक होऊन तडकते. त्याला लागते ते इतकेच, की संध्याकाळी कोऱ्या कागदावर दोन-तीनदा मारून शाई काढावी, साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे, कोरडे करावे आणि रबर कशाला टेकणार नाही असे उन्हापासून दूर ठेवावे. आमच्या शाखेतला जुना शिपाई रोकड जुळण्याची वाट न पाहता हे काम उरकत असे. त्याचे शिक्के माझ्या बदलीनंतरही चालत होते. लाकूड असो वा रबर, मला दिसले ते एवढेच: ठसा वापरून झिजतो तो थोडा, ‘उद्या पुसू’ म्हणून ठेवलेला आणि मग एकदम घासायला घेतलेला, तो मरतो.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने बैलजोडी विकली. त्याचेही बरोबर आहे. कापसाचा हिशेब जुळत नाही, ट्रॅक्टर भाड्याने मिळतो आणि दोन बैल वर्षभर पोसायचे ते एका दिवसासाठी परवडत नाही. पेटी फडताळातच राहिली. त्या पोळ्याला ती खाली काढायचा कोणाला धीर झाला नाही.

यंदा नात सुटीला पुण्याहून आली होती. ती शुभेच्छापत्रे बनवते. तिच्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकचे ठसे आहेत. साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, की ते पुन्हा काचेला चिकटतात. तान्ह्या पोळ्यासाठी तिला लाकडी बैल आणून दिला होता. त्याला झूल हवी म्हणाली. मी पेटी काढली. सुती धडप्यावर तिने गेरूने आधी कमळ उमटवले, मग वेल, मग कुयरी. बैल अंगणात फिरवून आणायची तिला घाई झाली होती. ठसे नंतर पुसू, असे म्हणत होती. मी तिला बसवले. गेरू ओला होता तोवर तिघांनाही ब्रश फिरवून घेतला आणि ओसरीच्या सावलीत कडेवर उभे केले.

मग तिने झूल उलगडून पाहिली आणि कुयरीतल्या कोऱ्या रेघेवर बोट ठेवले. “आजोबा, इथे रंग भरून देऊ का?”

मी म्हटले, “नको, राहू दे.” आणि तिला बादलीची गोष्ट सांगितली.