निम्म्या पगारात संसार

‘लवकर निवृत्ती’ हे शब्द लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या गिरणी कामगारापुढे काढून पाहा. त्याला आनंद होणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातले हजारो जण ऐन उमेदीत घरी बसले ते कायमचेच. पुढे गिरण्या बंद होत गेल्या, काहींच्या हाती स्वेच्छानिवृत्तीची रक्कम आली आणि कर्ज फेडण्यात, मुलीच्या लग्नात पाहता पाहता संपली.

आज काही तरुण जोडपी हेच शब्द निराळ्या अर्थाने उच्चारतात. निम्मा पगार बाजूला टाकायचा आणि पंचेचाळिशीत नोकरीतून मोकळे व्हायचे. हे खूळ नाही, यामागे हिशेब आहे. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तो मांडला. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवायची. अशाने पुंजी निदान ३० वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम हवी. अर्थात ते आकडे तिथल्या शेअर्सचे व रोख्यांचे आहेत. आपण आपल्या घरचा हिशेब करू.

समजा, नवरा अंबरनाथच्या कारखान्यात आहे, बायको खासगी दवाखान्यात नर्स. दोघांचे मिळून हातात ५० हजार येतात आणि २५ हजारांत घर चालते. (खोली आईवडिलांची आहे म्हणून हे जमते. भाडे भरणाऱ्याने स्वतःला दोष देत बसू नये.) वर्षाचा खर्च ३ लाख, तेव्हा आजच्या किमतीने पुंजी हवी ७५ लाख. व्याज महागाईपेक्षा २ टक्क्यांनी जास्त मिळाले, तर ती साठायला सुमारे २१ वर्षे लागतात आणि नंतर ती सुमारे ३५ वर्षे पुरते. पगाराचा चौथा हिस्सा वाचवणाऱ्याला ४६ वर्षे लागतील, दहावा हिस्सा वाचवणाऱ्याला ८६! कारण उघड आहे. जो कमी वाचवतो त्याचा खर्च मोठा, आणि मोठ्या खर्चाला पुंजीही मोठी लागते.

पण महागाईवर २ टक्के मिळवणे सोपे नाही. पोस्टातल्या पी.पी.एफ.वर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज होते, एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणून काही जण थोडी रक्कम म्युच्युअल फंडात घालतात. ती खाली-वर होते. चार-पाच वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवू नये. जास्त व्याजाच्या लोभाने सगळे पैसे पतपेढीत टाकणे तर नकोच. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतपेढीतल्या ठेवीला ते नाही.

आमच्या मते ७५ लाखांचा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नये, छाती दडपते. बचत वर्षांत मोजावी. ३ लाख साठले म्हणजे घर एक वर्ष पगाराविना चालेल. १५ लाख साठले म्हणजे पाच वर्षे. कारखान्याला टाळे लागले, मुकादमाशी वाजले, रात्रपाळी सोसेना, तेव्हा ही पाच वर्षे कामाला येतात. गिरणी कामगारांपैकी किती जणांजवळ अशी दोन वर्षे होती?

आता काटकसर कुठून होते ते पाहा. बहुतेक घरांत ती बाईच्या ताटातून आणि तिच्या औषधातून होते. ती बचत नव्हे. तसेच मुलांची पुस्तके, आरोग्य विमा आणि गावी म्हाताऱ्यांना जाणारे पैसे आधी खर्चात धरावेत, मगच उरलेल्याचे निम्मे करावे. आकडा लांबला तर लांबू द्या.

नोकरी बदलताना पी.एफ. काढून टाकण्याची सवयही मोडली पाहिजे. पी.एफ.च्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. मध्येच पेन्शनचे पैसे काढले की आधीची वर्षे हिशेबातून जातात. आणि लग्नाआधी भरलेला वारसाचा फॉर्म लग्नानंतर नव्याने भरावा लागतो. तो भरला आहे का, हे बायकोने या आठवड्यातच विचारून घ्यावे.