लोहमार्गाची सायकलवाट : जमीन कीं वहिवाट ?

एखाद्या सनदेंत जमीन दिली असें लिहिलें आहे, कीं जमिनीवरून जाण्यायेण्याची वहिवाट दिली असें लिहिलें आहे, हा प्रश्न जुनीं दप्तरें चाळणारास नवा नाहीं. पुष्कळ वेळां सारा तंटा या एका शब्दावर फिरतो. अशाच एका शब्दावर अमेरिकेंतील शेंकडों मैलांच्या सायकलवाटांचें जीवित अवलंबून आहे, असें सांगितलें तर वाचकांस आश्चर्य वाटेल. सायकलवरून रमतगमत फिरणें हा संशोधकाचा विषय कसा, अशीही शंका कोणी घेईल. परंतु ज्या वाटेविषयीं आम्ही लिहीत आहों ती मुळांत आगगाडीची. तिचे भराव, पूल, बोगदे व मैलांचे खांब हें एक साधन. तिच्या जमिनीचे करारनामे हें दुसरें. दोन्ही साधनें एकत्र वाचल्याशिवाय ती वाट आज उघडी कां आहे हें उमगत नाहीं.

ही वाट संयुक्त संस्थानांतील मिसुरी राज्यांत आहे. तिची लांबी सुमारें २४० मैल असून पश्चिमेकडील क्लिंटन गांवापासून पूर्वेस सेंट चार्ल्सच्या पलीकडे ती जाते. निघालेला प्रवासी बराच काळ मिसुरी नदीच्या कांठाकांठानें, एका बाजूस पाणी किंवा शेतें व दुसऱ्या बाजूस चुनखडीचे उभे कडे, असा चालतो. येथून पूर्वीं मिसुरी–कॅन्सस–टेक्सस या कंपनीच्या गाड्या धांवत. कंपनीच्या नांवांतील 'के' व 'टी' या दोन आद्याक्षरांवरून लोक तिला लाडानें 'केटी' म्हणत. तेंच नांव आतां वाटेस मिळालें आहे.

सावकाश सायकल चालविणारास अशी वाट सोयीची कां, याचें उत्तर वाफेच्या यंत्राच्या स्वभावांत आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतें. शंभर फुटांमागें दोन फुटांचा चढही जड गाडीस भारी पडतो. म्हणून बांधणारांनीं टेकडी आली तेथें ती खोदली, खळगा आला तेथें भराव घातला आणि वळणें मोठ्या घेराचीं ठेविलीं. बैलगाडीच्या रस्त्याला जो चढ चालतो तो आगगाडीला चालत नाहीं. इंजिनाच्या या दुबळेपणाचा लाभ आतां मनुष्याच्या पायांस मिळतो. रूळ व स्लीपर काढून त्या जागीं चुनखडीची बारीक खडी दाबून बसविली, कीं म्हातारामाणूसही दिवसाला पंचवीस-तीस मैल न थकतां जाऊं शकतो.

वाटेवरील मैलांचे आंकडे पाहून नवख्याचा गोंधळ होतो. क्लिंटन येथें वाटेचा आरंभ. पण तेथील अंक शून्य नसून २६४.६ आहे आणि सेंट चार्ल्सपाशीं तो ३९.५ होतो. कारण हे आंकडे वाटेचे नव्हेत, लोहमार्गाचे आहेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारी जुनी मोजणी जशीच्या तशी ठेविली आहे. अस्सल पोथीचे पृष्ठांक नकलेंत उतरविणारा लेखक जें शहाणपण दाखवितो तेंच येथें दिसतें.

वाटेच्या कडेचीं स्थळें इतिहासाच्या अभ्यासकास थांबविणारीं आहेत. सेंट चार्ल्सहून २१ मे १८०४ रोजीं लुइस व क्लार्क यांची तुकडी मिसुरी नदीनें वर निघाली. २५ मे रोजीं ती ला शारेत या वस्तीपाशीं पोहोंचली. नदीच्या वरच्या अंगास तीच गोऱ्या लोकांची शेवटची वस्ती होती. आजचें मार्थासव्हिल गांव त्याच परिसरांत आहे. याच भागांत गॉटफ्रीड डूडेन हा जर्मन गृहस्थ कांहीं वर्षें राहिला. त्यानें १८२९ सालीं जर्मनींत प्रसिद्ध केलेलें प्रवासवृत्त वाचून असंख्य जर्मन कुटुंबें मिसुरीच्या खोऱ्यांत उतरलीं. ऑगस्टा येथील द्राक्षमळे हा त्या वसाहतीचा वारसा. १९८० सालीं अमेरिकेंतील पहिला अधिकृत द्राक्षप्रदेश म्हणून याच गांवास मान्यता मिळाली. एका पुस्तकानें एका खोऱ्याची भाषा, शेती व घरें बदललीं, याचा दाखला सायकलस्वारास गांवोगांव मिळतो.

आतां रोशपोर्ट या गांवाजवळील एक गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. येथें २४३ फूट लांबीचा एक दगडी बोगदा आहे. तो १८९३ च्या सुमारास तयार झाला व या मार्गावर तो एकटाच आहे. त्याच्या नजीकच्या कड्यावर तद्देशीय लोकांनीं काढलेलीं रंगीत चित्रें होतीं. ७ जून १८०४ रोजीं क्लार्कनें तीं पाहिलीं व आपल्या रोजनिशींत त्यांची नोंद केली. तेथें खडखड्या सापांची जागा असल्याचेंही त्यानें लिहिलें. पुढें लोहमार्गासाठीं सुरुंग लावून कडे फोडण्यांत आले, तेव्हां त्यांतील बहुतेक चित्रें नष्ट झालीं. ज्या मार्गाच्या जतनाबद्दल आज आपण समाधान मानतों त्यानेंच आपल्याहून प्राचीन साधन पुसून टाकलें, हें विसरतां येत नाहीं. चित्रें गेलीं, रोजनिशीचीं पानें राहिलीं. हस्तलिखित जपणारास याहून निराळें प्रमाण नको.

लोहमार्ग बंद कां पडला? संयुक्त संस्थानांत १९१६ सालीं लोहमार्गांची लांबी सुमारें २,५४,००० मैलांवर गेली होती. तो उत्कर्षाचा कळस होय. नंतर मोटारींनीं उतारू नेले व मालमोटारींनीं माल नेला. १९८० च्या कायद्यानें कंपन्यांस तोट्याचे मार्ग सोडणें सोपें झालें. केटीच्या या भागास १९८६ च्या पुरानें मोठी हानि पोहोंचली व त्यावरील गाड्या कायमच्या थांबल्या. १९८८ सालीं कंपनीही एका मोठ्या कंपनींत विलीन झाली.

येथूनच आमच्या मूळ प्रश्नास आरंभ होतो. गाड्या थांबल्यावर खालची जमीन कोणाची? लोहमार्ग बांधतांना कंपनीनें कांहीं ठिकाणीं जमीन विकत घेतली होती; पुष्कळ ठिकाणीं मात्र शेतकऱ्यानें केवळ आगगाडीच्या वहिवाटीचा हक्क दिला होता. असा हक्क गाडी कायमची बंद झाली कीं संपतो व जमीन मूळ मालकाच्या वारसाकडे मोकळी होऊन परत जाते, हा तेथील सामान्य नियम. म्हणजे २४० मैलांच्या पट्ट्याचे शेंकडों तुकडे होऊन ते शेतांत मिसळून जाणार, अशी स्थिति होती.

ही आपत्ति टाळणारी तरतूद १९८३ सालीं पदयात्रामार्गांच्या कायद्यांत झाली होती. तिचा आशय असा : कंपनीनें मार्ग सोडण्याचें ठरविलें आणि एखादें राज्य किंवा संस्था त्याची देखभाल, कर व जबाबदारी पत्करण्यास तयार झाली, तर तो मार्ग सोडला असें धरूं नये; पुढेंमागें आगगाडीस लागेल म्हणून तो ठेवीसारखा राखावा, व मधल्या काळांत त्यावरून लोकांनीं चालावें, सायकलींनीं जावें. मिसुरी राज्यानें हाच आधार घेतला. हक्क मिळविण्यासाठीं टेड जोन्स व त्यांच्या पत्नी पॅट जोन्स यांनीं दोन लक्ष डॉलर दिले, आणि पुढें वाट बांधण्यासही मोठी रक्कम दिली. रोशपोर्टचा पहिला टप्पा १९९० च्या एप्रिलांत खुला झाला. टेड जोन्स त्याच वर्षीं वारले.

जमीनमालक स्वस्थ बसले नाहींत, व त्यांची बाजू ऐकण्याजोगी आहे. त्यांचें म्हणणें, आमच्या आजोबांनीं आगगाडीस वाट दिली, सहलीच्या लोकांस नव्हे. लेखांत जें नाहीं तें आमच्यावर कां लादावें? मिसुरीचा वाद अपील न्यायालयांत गेला व १९८९ सालीं मालकांच्या विरुद्ध सुटला. व्हरमाँट राज्यांतील असाच एक तंटा सर्वोच्च न्यायालयापुढें होता. त्यानें १९९० सालीं निवाडा केला कीं, कायदा वैध आहे. मात्र त्यामुळें कोणाची मालमत्ता हिरावली गेली असल्यास त्यास सरकाराकडून भरपाई मागतां येईल. वाट राहिली व मालकाचा न्यायही राहिला, असा हा तोल आहे. मिसुरींतील मालकांच्या भरपाईचा हक्क पुढें २००० सालीं न्यायालयानें मान्य केला.

हा तोल सर्वत्र साधतोच असें नाहीं. १८७५ च्या कायद्यान्वयें सरकारी जमिनींतून कंपन्यांस ज्या वाटा मिळाल्या, त्यांविषयींचा वायोमिंग राज्यांतील तंटा २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत आला. तेथील मार्ग ठेव म्हणून राखलेला नव्हता. तो सोडून दिलेला होता. न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें ठरविलें कीं, १८७५ च्या कायद्यानें कंपनीस जमीन मिळाली नव्हती, केवळ वहिवाट मिळाली होती. गाडी बंद, वहिवाट बंद. दोन वाटा वरून पाहतां एकसारख्या दिसल्या तरी त्यांचें भवितव्य निरनिराळें असूं शकतें, तें असें.

बूनव्हिल येथील १९३२ सालचा पूल याच न्यायाचें उदाहरण होय. बोटी जाव्या म्हणून त्याचा मधला गाळा उचलतां येण्याजोगा केलेला आहे. गाड्या थांबल्यावर कंपनीनें पुलाचें लोखंड इतरत्र वापरण्याचें योजिलें. तेव्हां राज्याच्या महाधिवक्त्यांनीं हरकत घेतली कीं, पूल गेल्यास मार्गाची सलगता तुटेल व ठेवीचा आधारच डळमळेल. बराच वाद होऊन २०१० सालीं कंपनीनें तो पूल गांवास देण्याचें कबूल केलें. २०१६ सालीं त्याचा दक्षिणेकडील भाग लोकांस फिरण्यास खुला झाला. ज्यावरून एकही गाडी जात नाहीं असा पूल मार्गाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून उभा राहिला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यावरून आमच्या वाचकांपुढें एकच गोष्ट ठेवावयाची आहे. संग्राहकाची नजर स्वाभाविकपणें राजपत्रांकडे, मोर्तबाच्या सनदांकडे व सुंदर अक्षराकडे जाते. शेतकऱ्यानें दिलेला वहिवाटीचा चार ओळींचा करारनामा कोणी उचलून पाहत नाहीं. परंतु केटीच्या वाटेवर न्यायाधीशांना शेवटीं तेच करारनामे वाचावे लागले. कोणत्या तुकड्यास जमीन म्हटलें आणि कोणत्यास वाट, यावरून भरपाई ठरली. रोशपोर्टचीं चित्रें गेलीं तेव्हां त्यांची साक्ष एका रोजनिशीनें दिली. लोहमार्ग गेला तेव्हां त्याची साक्ष अशा नीरस कागदांनीं दिली. रद्दींत निघालेल्या जुन्या खरेदीखताचा गठ्ठा हातीं येईल त्या वेळीं तो टाकण्यापूर्वीं त्यांतील चतुःसीमा व हक्काचे शब्द वाचून पाहावे, एवढीच आमची विनंति आहे.