स्टेप चुकते? व्हिडिओ बदला!

वाशिंदहून रोज कसारा लोकल गाठणाऱ्यांना जिमसाठी वेळ कुठून मिळणार? मग घरीच व्हिडिओ लावून स्टेप एरोबिक्स करायची आयडिया झक्कास वाटते. पण स्क्रीनवरची मॅडम उजवीकडे वळते, आपण डावीकडे. चौथ्या दिवशी स्टेप पलंगाखाली!

थांबा, दोष तुमच्या पायांचा नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जिन मिलर यांनी गुडघ्याच्या दुखापतीतून सावरताना हा प्रकार घडवला. मूळ स्टेप एवढीच: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. गिरक्या नंतर आल्या.

म्हणून व्हिडिओ निवडताना आधी चहा घेत पाच मिनिटं नुसता बघा. एक स्टेप नीट बसायच्या आत दुसरी येतेय? सोडून द्या. पुढची स्टेप आधी सांगणारी, आकडे मोजणारी टीचर शोधा. शाळेत लेझीमही आकड्यांवरच जमली होती ना? यूट्यूबवर स्पीड ०.७५ करता येतो, तोही करून बघा. सुरुवातीला ४ इंचांची स्टेप पुरे, पाऊल पूर्ण टेकवा. पाट किंवा स्टूल मात्र नको, घसरतात.

तरीही गोंधळ होतोय? जागच्या जागी चालण्याचे व्हिडिओ लावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. हृदयाला मिनिटं कळतात, गिरक्या नाही. जो व्हिडिओ उद्याही लावावासा वाटेल, तोच तुमचा!